खाटेआधीचा आजार

नागपुरात रामदासपेठेतून धंतोलीकडे सकाळी चालत निघाले की रुग्णालयांच्या पाट्या, औषधांची दुकाने आणि तपासणीच्या प्रयोगशाळा यांची रांगच लागते. आणि त्यांच्या दारांशी यवतमाळ-गोंदियापासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसे, कागदांची पिशवी काखेत धरून, उभी असतात. वैद्यकाची अशी विपुलता मध्य भारतात फार थोड्या ठिकाणी असेल, परंतु तिच्यापर्यंत पोचण्याआधी जो उंबरठा ओलांडावा लागतो तो खिडकीपाशी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचा: "कॅशलेस आहे, की डिपॉझिट भरता?"

अशाच एका खिडकीपाशी एक वृद्ध शेतकरी धोतराच्या सोग्यातून नोटा सोडवीत होता आणि त्याचा मुलगा गावी फोन लावून विनवीत होता, "काका, आज पैसे धाडा, सोयाबीन निघालं का देतो." रुग्णालय शासनाच्या योजनेत नव्हते, म्हणून पिवळी शिधापत्रिका पिशवीतच राहिली. बाकावर बसलेल्या आईच्या छातीतले दुखणे दोन दिवसांचे म्हणून नोंदले गेले. पण रक्तदाबाच्या गोळ्या तिने उन्हाळ्यातच सोडल्या होत्या, कारण आरोग्यकेंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडे आणि दुकानातून आणायच्या तर तेवढी ऐपत नव्हती.

2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली जनआरोग्य योजना हे शासनाचे निःसंशय पुण्यकर्म होय. 2023 च्या शासननिर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये आणि उपचारांची संख्या 1356 झाली, आणि शिधापत्रिकेचा रंग कोणता हा भेदही तिने सोडला. तरीही यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारासाठी, रुग्ण दाखल झाला म्हणजेच तिची तजवीज लागू होते. तोवरच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या आणि बुडालेला रोज यांचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा. हा हिशेब जुळत नाही म्हणून माणसे दुखणे अंगावर काढतात, आणि जे पाचपन्नास रुपयांत आवरले असते त्यापायी पुढे शेताचे गहाणखत लिहून देतात.

याहून पुढचा विचार आपल्याच देशाने फार पूर्वी केलेला आहे. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने गिरणीकामगाराला दवाखान्यातली तपासणी आणि औषध तर दिलेच, शिवाय आजारपणातल्या बुडालेल्या वेतनाचा अंशही दिला; कारण रजेच्या भीतीने माणूस वैद्याकडे जात नाही, हे कायदा रचणाऱ्यांना उमगले होते. गिरणीकामगाराचे हे संरक्षण कापूस वेचणाऱ्या बाईला अद्याप लाभलेले नाही.

म्हणून बाह्यरुग्ण तपासणी, नित्याची औषधे आणि आजारपणातली मजुरी यांचा समावेश योजनेत झाला पाहिजे, आणि ही मागणी विम्याचे कवच लाभलेल्या आम्हा रामदासपेठकरांनी प्रथम केली पाहिजे. कारण उशिरा आलेल्या रुग्णांची ती रांग आमच्याच दारावरून रोज जाते आणि ती दिसली नाही असे म्हणण्याची सोय आम्हांला उरलेली नाही.