पुसलेले खंदक

मध्यंतरी लेकीकडे इंग्लंडला गेलो असताना सफोक परगण्यातील मिन्समिअरच्या पाणथळीवर पक्षी पाहण्याचा योग आला. वर वळलेल्या चोचीचे काळे-पांढरे अ‍ॅव्होसेट पाहावेत, एवढाच हेतू. पण किनाऱ्यावर काँक्रीटचे चौकोनी ठोकळे ओळीने मांडलेले दिसले. जवळच एका पडक्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींआड, बंदुकीपुरत्या फटी ठेवलेली बुटकी खोली होती. जावई म्हणाले, ‘‘बाबा, हे सगळं १९४० सालचं. आणि दिसतं त्याहून कितीतरी जास्त पुसलं गेलंय.’’

या ‘पुसलं गेलंय’पाशी माझे मन अडकले.

१९४०च्या जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज परतली ती जवळजवळ सगळी अवजड शस्त्रे मागे टाकून. जर्मन सैन्य आज उतरेल की उद्या, अशी धास्ती होती. मग पूर्व किनाऱ्यावर रणगाडे अडवायला नागमोडी खंदक खणले गेले, माळांवर ग्लायडर उतरू नयेत म्हणून चर पाडले गेले, वाळूत सुरुंग पेरले गेले. मिन्समिअरची शेते तर मुद्दाम पाण्याखाली घातली. शत्रू आलाच नाही. पाणी मात्र राहिले, आणि सुमारे शंभर वर्षे इंग्लंडात घरटी न बांधणारे अ‍ॅव्होसेट १९४७ साली तिथे वीण करू लागले.

बाकीचे सारे लोकांनी हौसेने बुजवले. शेतकऱ्याला जमीन हवी होती, मुलांना किनारा हवा होता. घाईघाईने केलेल्या कामाची कागदोपत्री नोंद आधीच विस्कळीत; त्यामुळे कुठे काय होते, हे सांगणारी माणसे गेली की विषय संपला असता. तो संपला नाही याचे कारण, ब्रिटिश हवाई दलाने त्या दशकात काढलेली छायाचित्रे. त्यांतली बरीचशी युद्धानंतर नकाशे आणि पुनर्रचना यांसाठी काढलेली. खंदकांची आठवण जपावी, हा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे ‘इंग्लिश हेरिटेज’च्या अभ्यासकांनी ती बारकाईने तपासली आणि सफोकच्या संरक्षित किनाऱ्यावरचे पुस्तक २००७ मध्ये निघाले.

ही तपासणी मोठी मजेची असते. एकाच जागेची, किंचित अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली की सपाट कागदातून जमीन उठून येते; खड्डा खोल दिसतो, बांध उंच दिसतो. काटेरी तार आकाशातून दिसत नाही, पण तिच्याखालचे गवत कोणी कापत नाही, गुरे खात नाहीत. त्याची गडद रेघ दिसते. बुजवलेल्या खंदकाची माती शेजारच्या मातीहून वेगळ्या रंगाची असते. तिच्यात ओल जास्त टिकते, म्हणून पुढे कोरड्या उन्हाळ्यात नेमके तिथलेच पीक उंच आणि हिरवे राहते. जमिनीने रेघ लपवलेली असते, पुसलेली नसते.

बँकेत आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले होते : लेजरमधली चुकीची नोंद खरवडायची नाही. एक रेघ मारायची, आद्याक्षरी करायची; खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पण त्याच नोकरीत, मुदत संपलेली दप्तरे नष्ट करण्याच्या याद्यांवरही मी सह्या केल्या. नियमाप्रमाणेच केल्या. आज वाटते, कुणा शेतकऱ्याच्या विहिरीच्या पहिल्या कर्जाचा कागद त्यात गेला असेल.

कोणी विचारील, जे खंदक कधी उपयोगी पडलेच नाहीत, ते शोधून काय मिळवायचे? माझे उत्तर असे की, इतिहासाच्या पुस्तकाला शेवट ठाऊक असतो. हिटलरने १७ सप्टेंबर १९४० रोजी आक्रमण बेमुदत पुढे ढकलले, हे आपण एका ओळीत वाचतो आणि पान उलटतो. फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती ओळ ठाऊक नव्हती. त्याच्या मनात जी भीती होती, तिची लांबी-रुंदी त्या खंदकात मोजता येते. लढाया जिंकणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात. न झालेल्या लढाईसाठी घाम गाळणाऱ्यांची एवढीच खूण. तीही आता समुद्र खातो आहे, कारण तो किनारा सतत ढासळतो. उद्या छायाचित्र हाच पुरावा उरेल.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. एखाद्या कागदाचे काम संपले, हे आपण ठरवू नये. आपल्या घरातल्या लग्नाच्या फोटोत आपण चेहरे शोधतो. मागे उभा असलेला वाडा, आड, पाडलेली ओसरी पाहतच नाही. त्या वैमानिकांनीही खंदक पाहिले नसतील.

इंग्लंडहून परतल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. सध्या एकेका फोटोमागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहितो आहे. निम्म्या फोटोंचे साल सांगू शकणारी आमची एकच आत्या आता हयात आहे. येत्या रविवारी तिच्याकडे जायचे ठरवले आहे.