शेत-शिवार : मक्याच्या मुळाशी पाणी, पाण्यातूनच खत



वैजापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. दीड एकर जमीन, एक विहीर. यजमान कंपनीत कामाला. वीज रात्रीची, म्हणून थंडीत दारे धरायला हिलाच जावे लागते. मागच्या रब्बीत मक्याला तुरा आला आणि विहिरीने तळ गाठला. कणसे निघाली, पण निम्म्या कणसावर दाणाच नाही. भाऊजी म्हणतात, ठिबक हे ऊस-केळीवाल्या बागायतदारांचे काम. ताई विचारतात, मी काय करू?

ताई, आधी दाणे का भरले नाहीत ते समजून घ्या. तुऱ्यातला पराग कणसाच्या केसांवर पडतो, तेव्हा दाणा धरतो. एक केस, एक दाणा. नेमका त्याच दिवसांत ताण पडला की केस उशिरा बाहेर येतात आणि तोवर पराग झडून गेलेला असतो. मग कितीही पाणी द्या, गेलेला दाणा परत येत नाही.

आता हिशेब करा. पाटाने एका पाळीला 6 सेंटिमीटर पाणी दिले, तर एकरी 2 लाख 40 हजार लिटर लागते. हिवाळ्यात भरातल्या मक्याची रोजची गरज साधारण 4 मिलिमीटर, म्हणजे एकरी 16 हजार लिटर. ठिबकने तेवढेच रोज देता येते. त्याच एका पाळीच्या पाण्यात पंधरा दिवस निघतात. तुरा ते दाणे भरणे हा नाजूक काळ त्यातून निभावतो.

भाऊजींचे म्हणणे खर्चापुरते खरे आहे. म्हणून प्रत्येक ओळीला नळी टाकू नका. जोडओळ करा. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, पुढच्या जोडीपर्यंत 75 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर. जोडीच्या मध्ये एकच नळी. एकरी सुमारे 3,300 मीटर नळी लागेल. प्रत्येक ओळीला टाकली तर दुप्पट लागली असती. मका निघाल्यावर नळी गुंडाळून उंदरांपासून जपा. तीच पुढे भाजीपाल्याला चालते.

आता खत. आपल्याकडे मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश सांगतात. एकरी ते सुमारे 104 किलो युरिया, 150 किलो सुपर फॉस्फेट व 27 किलो पोटॅश होते. माती तपासली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. सुपर फॉस्फेट पाण्यात नीट विरघळत नाही, ते ठिबकमध्ये कधीही घालू नका, नळ्या चोंदतील. ते पोटॅश व 20 किलो युरियासह पेरणीलाच मातीत द्या.

राहिलेला 84 किलो युरिया ठिबकमधून द्या. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात 7-7 किलो, पाचव्यापासून नवव्यापर्यंत दर आठवड्याला 14 किलो. गुडघ्याएवढा झाल्यापासून तुऱ्यापर्यंत मका सर्वांत खादाड असतो. वरून फेकलेला युरिया काही हवेत उडतो, काही पाटाच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातो. पैसे आपले, खाणारे भलतेच!

कृती सोपी आहे. युरिया बादलीत विरघळवून फडक्याने गाळा. पहिली 15-20 मिनिटे नुसते पाणी सोडा. मग व्हेंच्युरी किंवा खताच्या टाकीतून खत सोडा. शेवटी 15-20 मिनिटे पुन्हा नुसते पाणी सोडा, म्हणजे नळ्या धुतल्या जातील. फार वेळ चालवू नका, नाहीतर खत मुळांखाली जाईल. फिल्टर वरचेवर धुवा आणि नळ्यांची टोके मधून मधून उघडून गाळ काढा.

पैशाचे काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी राज्यात 2017 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तीत विहीर, पंप व ठिबकला अनुदान मिळते. सध्याची रक्कम व अटी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. जातीचा दाखला, सातबारा व आठ-अ तयार ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर आधी ती करून घ्या. आणि एक सांगतो ताई, पूर्वसंमती हातात येईपर्यंत सावकाराकडून कर्ज काढून सामान आणू नका. ज्यांच्या विहिरीला हिवाळ्यात पाणीच राहत नाही, त्यांनीही नळ्या घेऊ नयेत. ठिबक पाणी वाचवते, निर्माण करीत नाही.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनीच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यात भांडवल व साधने किती लागली यावरून ठरते, असे त्यांनी त्यात दाखवले. ताईंचे दीड एकर त्या नजरेने पाहा.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या भावांनो, गावाकडे पैसे पाठवता, ते चांगलेच आहे. पण या वेळी गावी जाल तेव्हा एक दिवस बहिणीसोबत, वहिनीसोबत पंचायत समितीत जा आणि तो अर्ज भरून द्या. पुढच्या हिवाळ्यात तिला रात्री दारे धरायला जावे लागणार नाही.