विष कोणी पचवायचे?

समुद्रमंथनाची कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. रत्नांच्या आशेने देव आणि दानव यांनी सागर घुसळला, आणि अमृताच्या आधी वर आले ते हलाहल. पुढे अमृतासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या त्या दोन्ही पक्षांपैकी एकालाही विषाचा वाटा नको होता. अखेर ज्याला त्या अमृताची अपेक्षा नव्हती, त्या शंकराने ते कंठात धारण केले. या कथेचा आध्यात्मिक अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला मात्र तीत एक रोकडा प्रश्न दिसतो. उद्योगाचा लाभ एकाने घ्यावा आणि त्यातून निघणारे विष दुसऱ्याने पचवावे, हा व्यवहार न्याय्य कसा म्हणावा?

निसर्गात विष फुकट मिळत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष त्यांच्या शरीरातील प्रथिने खर्ची पडून तयार होते. ते भक्ष्यासाठी असते, आणि म्हणूनच पुष्कळदा साप माणसाला चावतो, पण विष सोडत नाही. कण्हेर आणि धोतरा यांना जागेवरून पळता येत नाही. त्यांच्या अंगचे विष हे त्यांचे कुंपण होय. विष तयार करण्याचा भार ते धारण करणाऱ्यानेच सोसायचा, असा हा निसर्गाचा हिशेब आहे. तो माणसाने मोडला.

आपल्या प्राचीन वाङ्मयाने हे फार पूर्वी ओळखले होते. भीमाला बळाने जिंकता येत नाही, म्हणून दुर्योधन त्याच्या अन्नात विष कालवतो आणि त्याला गंगेत लोटून देतो. 'मुद्राराक्षसा'तील विषकन्या चंद्रगुप्तासाठी योजलेली असते. बळी जातो तो पर्वतक. समोर उभे राहण्याचे धैर्य नसलेल्याचे शस्त्र, अशीच विषाची प्रतिमा या कथांतून उभी राहते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषलिप्त शस्त्रांनी लढणे निषिद्ध ठरविले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र चौदावे अधिकरण शत्रूवर करावयाच्या विषप्रयोगांना वाहिलेले आहे. विधी आणि व्यवहार यांतील ही फारकत जुनीच आहे.

युद्धाच्या इतिहासातही तेच दिसते. 1675 साली फ्रान्स आणि पवित्र रोमन साम्राज्य यांनी स्ट्रासबर्ग येथे विषारी गोळ्या न वापरण्याचा करार केला. 1899 च्या हेग परिषदेत गुदमरविणारे वायू पसरविणाऱ्या तोफगोळ्यांवर बंदी आली. तथापि 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला तो तोफगोळ्यांतून नव्हे, तर नळकांड्यांतून. शब्द पाळला गेला आणि अर्थ मारला गेला! पुढे 1925 चा जिनिव्हा करार झाला. 1988 साली हलब्जात आणि 2013 साली दमास्कसजवळच्या घूता भागात विषारी वायूने माणसे मारली गेली, तेव्हा जगाने त्यास गुन्हाच म्हटले. 1993 साली स्वाक्षऱ्यांसाठी खुला झालेला रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करार 1997 साली अमलात आला. भारताने आपला साठा 2009 पर्यंत नष्ट केला, आणि जुलै 2023 मध्ये अमेरिकेने आपला उरलेला साठा संपविल्यावर सदस्य राष्ट्रांनी घोषित केलेला सर्व साठा नाहीसा झाला. मानवजातीच्या खात्यावर जमेस धरावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु या जमाखर्चाची दुसरी बाजू आहे. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरील किडींसाठी नवे रसायन शोधत होता. हाती लागले ते टाबुन, मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या युद्धविषांपैकी पहिले. त्याच श्राडरच्या संशोधनातून पुढे पॅराथिऑन हे कीटकनाशक निघाले. दोन्ही एकाच कुळातली. मज्जातंतूंचा संदेश जेथल्या तेथे थांबविणारे विकर ती निकामी करतात. मग स्नायूंना विश्रांती मिळत नाही आणि श्वास कोंडतो. दोन्हींवर उतारा म्हणून ॲट्रोपीनच दिले जाते, आणि ते धोतऱ्याच्या गोत्रातील वनस्पतींत सापडणारे, स्वतःच एक विष आहे. पाण्यात पडलेल्या भीमाच्या पोटातील विष नागांच्या दंशाने उतरले, ही कल्पना वाटते तितकी अद्भुत नाही.

या दोन भावंडांपैकी एकाला जगाने हद्दपार केले आणि दुसऱ्याला शेतावर कामाला लावले. 1958 साली केरळात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती जहाजातून पिठाबरोबर आणलेले पॅराथिऑन पिठात मिसळल्यामुळे. त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 साली, आपला कीटकनाशक कायदा झाला. 1984 साली भोपाळमध्ये जो वायू सुटला, तोही कीटकनाशकाच्या कारखान्यातला. आणि 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर विषबाधा होऊन रुग्णालयात आले. सुमारे वीस जण परतले नाहीत. बोंडअळी पुन्हा उसळली होती, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि पाठीवरच्या पंपातून उडणारे तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होते. ईप्रच्या खंदकातल्या सैनिकाला काही आठवड्यांत कसला ना कसला मुखवटा तरी मिळाला. रोजंदारीच्या मजुराजवळ होता तो गमछा.

आपल्या भाषेनेही या व्यवहारास हातभार लावला आहे. शेतकरी कृषी केंद्रातून जे आणतो त्याला तो विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतो. औषध मारायचे, औषध फवारायचे. आणि कर्जाने पिचलेल्या एखाद्याने तेच तोंडाला लावले तरी गाव म्हणते, 'त्याने औषध घेतले.' औषधाला कोण भिणार? डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग काय सांगतो, हे त्याला कुणी समजावून दिलेले नसते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, मजूर निष्काळजी असतात. हातमोजे, मुखवटा वापरत नाहीत. 1971 च्या नियमांत संरक्षक पोशाखाची तरतूद आहे, हे खरेच. पण विदर्भाच्या दमट उन्हात अंगभर रबरी पोशाख घालून दिवसभर पंप वाहता येतो काय, आणि तो पोशाख विकत कोणी घ्यायचा, हे प्रश्न नियमांनी सुटत नाहीत. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. डब्याच्या किमतीत कारखान्याचा खर्च असतो, विक्रेत्याचा नफा असतो, वाहतूक असते. मजुराचे फुप्फुस मात्र त्यात नसते. ते हिशेबात धरले, तर स्वस्त दिसणारी कित्येक औषधे अतिशय महाग ठरतील.

अत्यंत जहाल विषे काढून घेतली तर उत्पादन कोसळेल, अशी भीती घातली जाते. शेजारच्या श्रीलंकेने 1984 पासून पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, एन्डोसल्फान ही विषे टप्प्याटप्प्याने बंद केली. तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत निम्म्याहूनही खाली आले, आणि भाताचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. 2021 साली त्याच देशाने सरसकट सर्व रासायनिक खते व औषधे एका फटक्यात बंद करून जे संकट ओढवून घेतले, त्याच्याशी याची गल्लत करू नये. पहिले धोरण निवडीचे होते, दुसरे हट्टाचे. किडींशी लढू नये असे येथे कोणीच म्हणत नाही. प्रश्न शस्त्राच्या निवडीचा आहे.

आपल्याकडे 1968 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी 2008 साली विधेयक मांडले गेले आणि बारगळले. 2020 साली दुसरे आले. नव्या कायद्याची कसोटी एकच असावी. हाताळणाऱ्याला ज्यापासून वाचविता येत नाही, ते विष बाजारात येऊ नये. आणि आले, तर त्याने झालेल्या हानीची भरपाई विकून नफा मिळविणाऱ्याने करावी. ज्याचा नफा, त्याचाच भार, हा नियम निसर्गात सापालाही लागू आहे.

शत्रूवरसुद्धा वापरू नये असे ज्या जातीच्या विषाबद्दल साऱ्या जगाने ठरविले, त्याच जातीचे विष आपण आपल्या अन्नदात्याच्या पाठीवर लादतो आणि त्याला औषध म्हणतो. नीळकंठ देव होता, त्याने ते पचविले. कपाशीच्या ओळीतून पंप घेऊन चालणारा मजूर देव नाही. त्याला देवाची भूमिका देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?