शायलॉकचा सुरा आणि आमचा अंगठा



शेक्सपिअर कवीनें १५९६-९७ च्या सुमारास लिहिलेल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकांत शायलॉक नांवाचा यहुदी सावकार आहे. तीन महिन्यांत तीन हजार मोहरा न फिटल्यास जामिनाच्या अंगाचें रत्तलभर मांस कापून घेण्याचा तो रोखा करून घेतो आणि भर न्यायसभेंत सुरा पाजळतो. ही गोष्ट सांगितली कीं वर्गांतलें एखादें पोर विचारतेंच, "गुरुजी, यहुदी सगळे असलेच काय?"

त्या पोराला उत्तर दिलें पाहिजे. इंग्लंडांतून यहुद्यांना १२९० सालींच हांकलून दिलें होतें. ते उघडपणें परत आले १६५६ नंतर. म्हणजे नाटक पाहणाऱ्या बहुतेकांनीं शेजारीं यहुदी पाहिलाच नव्हता! व्हेनिसांत त्यांना जमीन घेण्याची बंदी, कारागिरांच्या संघांचीं दारें बंद. मग व्याजबट्ट्याखेरीज फारसें उरलें काय? उलट आमच्या कोंकणांतले बेने इस्राएल यहुदी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत, मराठी बोलत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते तुमच्यासारखेच कष्टकरी!

मग आमच्या गळ्यावर सुरा ठेवला कोणी? १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुप्यास कुणबी उठले. सावकार बहुतेक गुजर-मारवाडी होते. परंतु लोकांचा डोळा त्यांच्या रोख्यांवर होता. कापसाचा भाव पडला, सारा रोखीनें भरावा लागला आणि कोर्ट कागदांतलें अक्षर तेवढें पाही. १८७९ च्या कायद्यानें पुणें, सातारा, नगर व सोलापूर येथें रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. आमचा बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. शेजारच्या नगरांतला हा आधार घाटनांदूरला नव्हता.

आज सावकारी एका जातीची राहिलेली नाहीं. ती आपल्या भाऊबंदांतही आहे. जातीवर बोट ठेवणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला फांशी देणें होय. २०१४ च्या महाराष्ट्र कायद्यान्वयें परवान्याविना सावकारी करणें गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करतां येते. पण त्याआधीं एवढें करा: पोराला शाळेंत धाडा, आणि अंगठा उठविण्यापूर्वीं कागद त्याच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्या.