सवलत राजपत्रात, हक्कदार उसाच्या फडात

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याच्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीची जोडपी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि काही मुले. या काळात गावी सरकारी नोटीस आली तर ती वाचणार कोण, हा प्रश्न सचिवालयात क्वचितच विचारला जातो. दिवाणी न्यायाच्या दृष्टीने मात्र तोच मुख्य प्रश्न आहे.

दिवाणी दाव्याचे भवितव्य साक्षीपुराव्याने ठरते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु साक्षीपुराव्याची वेळ येण्यापूर्वीच दावा कोठे दाखल करावयाचा, त्याचे मूल्य किती धरावयाचे आणि त्यावर शुल्क किती भरावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ती उत्तरे कायद्यात आणि कायद्याखाली वेळोवेळी निघणाऱ्या अधिसूचनांत असतात. १९९९ साली शिरूर कासार हा स्वतंत्र तालुका झाला. परंतु महसुली तालुक्याची सीमा आणि दिवाणी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची सीमा या दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली ठरणाऱ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही, हे कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

मराठवाड्याला तर राजपत्राच्या सामर्थ्याचा अनुभव जुना आहे. निजामाच्या राजवटीत न्यायालयाची भाषा उर्दू होती. १९५९ च्या मुंबई न्यायालय शुल्क अधिनियमाने या विभागाला राज्याच्या इतर भागांच्या पंक्तीस बसविले. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेस सुरू झाले तेही मुख्य न्यायमूर्तींच्या एका आदेशाने. त्या आदेशाची वैधता सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवावी लागली. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे. सारांश, एका कागदाने न्याय जवळ येतो, आणि एका कागदाने तो दूरही जातो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे स्त्रियांना मिळालेली शुल्कमाफी. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. देशभर तो मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९९४ रोजी, राज्य सरकारने स्त्री पक्षकारांना पोटगी, मिळकतीचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार बाबींत न्यायालय शुल्क माफ केले. हक्क आणि तो मिळविण्याचे साधन एकाच वर्षी हाती आले, असे म्हणता आले असते. परंतु मार्च २००० मध्ये ‘मिळकतीचे वाद’ या शब्दांची व्याप्ती आकुंचित करण्यात आली. वैवाहिक बाबींतून उद्भवणारे व त्यांच्याशी संबंधित असेच वाद माफीस पात्र राहिले. म्हणजे नवऱ्याशी भांडणारी स्त्री माफीच्या आत आणि भावाकडे वाटणी मागणारी बहीण माफीच्या बाहेर! ज्या दाव्यासाठी १९९४ चा कायदा झाला, नेमका तोच वगळला गेला.

सरसकट माफी दिल्यास पुरुष मंडळी घरातील स्त्रीला पुढे करून शुल्क चुकवतील, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु दावा खरोखर कोणाच्या हितासाठी आहे हे तपासण्यास न्यायालय समर्थ असते. काही लबाडांच्या भीतीने सर्व बहिणींना दाराबाहेर उभे करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

तरीही दार पूर्णपणे बंद नाही. ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्री कितीही उत्पन्नाची असो, ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र असते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांनाही उत्पन्नाची अट नाही. या साहाय्यात वकिलाबरोबर न्यायालय शुल्काचाही समावेश होतो, आणि त्यासाठी तालुका पातळीपर्यंत समित्यांची योजना कायद्यातच आहे. एका अधिसूचनेने जे काढून घेतले ते दुसऱ्या कायद्याने निराळ्या वाटेने देऊ केले आहे. परंतु ही वाट भावांनी हक्कसोड लिहून मागितलेल्या बहिणीला दाखवणार कोण? राजपत्रातील प्रसिद्धी हीच सर्वांना दिलेली सूचना, असे कायदा मानतो. उसाच्या फडावर राजपत्र पोहोचत नाही.

शुल्काचा प्रश्न सुटला तरी तारखेचा उरतोच. नेमलेल्या तारखेस वादीच्या वतीने कोणी हजर नसेल तर दावा काढून टाकला जाऊ शकतो आणि तो पुन्हा घेण्याच्या अर्जास मुदत असते तीस दिवसांची. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होतो हे खरे. पण वकील उभा राहिला तरी साक्ष द्यावयास बाईला स्वतःच यावे लागते. हंगामाच्या मध्यावर तोड सोडून यायचे तर मजुरी बुडते आणि उचल अंगावर राहते.

उपाय खर्चाचे नाहीत. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद घेताना तलाठ्याकडून हितसंबंधितांना फेरफाराची नोटीस जाते. बहिणीच्या हाती हक्काचा विषय कागदावर प्रथम येतो तो याच क्षणी. त्या नोटिशीवरच मोफत साहाय्य कोणास मिळते आणि ते कोठे मागावयाचे, हे सोप्या मराठीत छापणे अशक्य नाही. स्थलांतरित मजुरांच्या साक्षी शक्यतो जून ते सप्टेंबर या महिन्यांत ठेवाव्यात, असे परिपत्रक उच्च न्यायालय काढू शकते. आणि २००० साली आकुंचित केलेली माफी निदान वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीपुरती पूर्ववत करणे सरकारच्या हाती आहे. त्यास नवा कायदा नको, एक अधिसूचना पुरे.

१६ जानेवारी २०१८ पासून न्यायालय शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेण्यात आली. कोट्यवधींचे दावे लढणाऱ्यांना तो बोजा पेलवेल. ज्यांचे सारे भांडण दोन एकर कोरडवाहूचे आहे, त्यांना माफीपेक्षाही माफीची वार्ता अधिक मोलाची आहे. ती वार्ता वेळेवर पोहोचविणे हे उपकाराचे काम नसून न्यायदानाचाच भाग आहे, हे जोवर शासन मान्य करीत नाही तोवर शिरूर कासारच्या लेकीचा हक्क कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित राहील. सातबाऱ्यावर मात्र तो येणार नाही.