खुडूक कोंबडीला बादलीत बुडवू नका

"नाकात पीस घाला तिच्या, लगेच उठेल," एकीने सांगितलं. "त्यापेक्षा गार पाण्याच्या बादलीत दोनदा बुडवा," दुसरी म्हणाली. पेण-रोहा रेल्वेमार्गावर नागोठण्याच्या पुढे निडी हे छोटंसं स्टेशन आहे. गेल्या दिवाळीनंतर तिथल्या एका अंगणात बचत गटाची बैठक होती. हप्ते आणि व्याज राहिलं बाजूला, विषय निघाला घरमालकिणीच्या खुडूक कोंबडीचा. ती बया पडवीच्या कोपऱ्यात रिकाम्या पेंढ्यावर पिसं फुलवून बसलेली. हात पुढे केला की टोच मारायची. आणि तिच्या मालकिणीला हवी होती अंडी, कारण पोपटीचे दिवस तोंडावर आले होते. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडक्यात गावठी अंडी, हे आपल्याकडे थंडीत कुणाला सांगायला नको. गावठी अंड्याला फार्मच्या अंड्याच्या दुप्पट तरी भाव मिळतो, तोही रोख.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ती कोंबडी काही आळशीपणा करत नव्हती. गंमत बघा, घरातली बाई दोन दिवस अंग दुखतंय म्हणून बसली तरी तिलाही "खुडूक झालीय" म्हणायला लोक कमी करत नाहीत. खुडूक बसणं म्हणजे काम थांबणं नव्हे, दुसरं काम सुरू होणं. आणि ते काम यंत्राला जमतं त्यापेक्षा तिला बरं जमतं. ती अंडी स्वतःच फिरवते, ऊब राखते. यंत्राला वीज लागते. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या रायगडात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. तेव्हा यंत्रातल्या अंड्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, मला हा विषय एवढा लावून धरावासा वाटतो त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गटाला योजनेतून सुधारित जातीची पिल्लं मिळाली. छान वाढली, अंडीही भरपूर दिली. बायका वाट बघत राहिल्या की आता कोंबड्या खुडूक बसतील आणि पुढची पिल्लं घरचीच होतील. एकही बसली नाही. बसणार नव्हतीच. बंगळूरची गिरिराज असो की हैदराबादची वनराज, जास्त अंडी देण्यासाठी निवड करत केलेल्या या जातींत खुडूक बसायची सवय जवळजवळ उरलेली नसते. कारण बसलेल्या दिवसांत कोंबडी अंडी देत नाही. हे त्या बायकांना पिल्लं देताना कुणी सांगितलंच नाही. दरम्यान बऱ्याच जणींनी जुन्या गावठी कोंबड्या विकून टाकल्या होत्या. म्हणजे पुढच्या वर्षी पिल्लं विकत घेणं आलं, त्यासाठी पैसे मागणं आलं, आणि पैसे मागायचे ते नवऱ्याकडेच. कोंबडीचा पैसा हा घरातला एकच असा पैसा, ज्याचा हिशेब बाईला कुणी विचारत नाही. तो असा हातचा गेला.

सुधारित जाती घेऊ नका असं नाही. पण दारात दोन गावठी कोंबड्या तरी ठेवाच. सुधारित जातीची फलित अंडी तिच्याखाली ठेवली तर ती आपलीच समजून उबवते. एक दिवसाची विकतची पिल्लंसुद्धा रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवली की बहुतेक वेळा सकाळी ती त्यांची आई झालेली असते. मग बल्ब लावून बसायला नको.

बसवायची कशी, हे आपल्या सासवांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझ्या सासूबाई टोपलीत खाली राख, वर पेंढा घालायच्या आणि गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कोळशाचा तुकडा ठेवायच्या. कोळशाचं मला माहीत नाही, राख मात्र खरी, कोंबडीच्या उवा कमी होतात. दहा-बारा अंडी पुरे. जास्त ठेवली की कडेची गार पडतात. अंडी थंडीत आठवड्याच्या आतली आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांची हवीत. ती धुतलेली नकोत, फ्रिजमधली तर नकोतच. आणि कळपात कोंबडा हवा, हे विसरणाऱ्याही मी पाहिल्यात! सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला. नुसतं स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. ती दिवसातून एकदा उठते, तेव्हा दाणा-पाणी जवळच असू द्या. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. त्या दोन दिवसांत सारखं उचलून बघू नका, कवचातून पिल्लू ओढून काढू नका.

पण खरी गळती पुढे आहे. दहा पिल्लं निघतात आणि विकायला उरतात तीन-चार. घार, कावळा, मुंगूस, मांजर, पाण्याच्या भांड्यात बुडणं आणि सगळ्यात वाईट ती मानमोडी. पहिला महिनाभर पिल्लं आईसह डालग्याखाली ठेवा, पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नुसत्या कणीवर न ठेवता पिल्लांचं तयार खाद्य द्या. एवढ्याने अर्धं काम होतं. मानमोडीला मात्र लसच लागते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. काम सोपं, पण बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. बाटली बर्फातच आणावी लागते आणि एकदा औषध कालवलं की दोनेक तासांत संपवावं लागतं. दहा पिल्लांसाठी बाटली कोण आणणार? म्हणून कुणीच आणत नाही आणि उन्हाळ्यात वाडीच्या वाडी रिकामी होते.

त्या बैठकीत मी एवढंच सुचवलं की कोंबड्या एकाच दिवशी बसवू या. म्हणजे पिल्लं एकाच दिवशी निघतील आणि एक बाटली सगळ्यांना पुरेल. एखादीची कोंबडी आधी खुडूक झाली तर तिच्याखाली दोन जुनी अंडी ठेवून तिला आठवडाभर थोपवता येतं. दुसराही फायदा आहे. दोघींची पिल्लं थोडी असली तर रात्री एकीच्याच पंखाखाली सरकवा, दुसरी लवकर अंड्यावर येते. अंड्यांची घाई असलेलीला यापेक्षा काय हवं?

एक सावधगिरी मात्र. 2006 साली नवापूरला आणि 2025च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाडीत किंवा ओढ्यात फेकू नका, उरलेल्या घाईघाईने विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देतं. लपवलेल्यांची मिळत नाही.

निडीला चार कोंबड्या एका संध्याकाळी बसल्या. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला गेला. सत्तेचाळीस अंड्यांतून छत्तीस पिल्लं निघाली. सहाव्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली, पडवीत बसून सगळ्यांनी थेंब टाकले. एका रात्री मुंगसाने पाच नेली, कारण एकीने डालग्यावर दगड ठेवला नव्हता, त्यावरून चांगलंच भांडण झालं. तरी होळीपर्यंत अठ्ठावीस टिकली. बादलीचा सल्ला देणारीनेही आता आपली कोंबडी थोपवून धरलीय. आणि त्या घरमालकिणीकडे कुणी अंडी मागायला आलं तर ती सांगते, "आधी बारा बाजूला काढते. उरली तर देईन."