दिवा खरं बोलतोय का?

परवा मामाच्या गाडीची चारही दारं लावली, तरी 'दार उघडं' हा लाल दिवा विझेना. "खोटा आहे तो!" मामा म्हणाला. पण दाराचा लॅच दोन टप्प्यांत अडकतो. पहिल्यावरच राहिला, तर दार नुसतं लागल्यासारखं दिसतं! म्हणून दारं पुन्हा लावली. दिवा तसाच.

मग उभ्या गाडीत एकेक दार बाहेरून दाबलं. मागचं डावं दाबताच दिवा लुकलुकला. ते उघडून मामाने स्क्रूड्रायव्हरने लॅच पूर्ण अडकवला. तरी दिवा चालूच! म्हणजे बिघाड आतल्या इवल्याशा स्विचमध्ये, नाहीतर वायरीत. (नंतर हँडल ओढून लॅच सोडवायचा हं, नाहीतर दार लावताना मोडेल.)

दुरुस्ती होईपर्यंत त्या दाराशी कुणी बसायचं नाही, असं मामाला बजावलंय. दार खरंच उघडं राहिलं, तर दिवा वेगळं काय सांगणार?